जासूस होऊन आपले शहर पाहा

२०२४च्या मे महिन्यात आमचा पुतण्या सुट्टीसाठी लोणी देवकरला आला. तो पुण्यात कोंढव्याला राहतो. आठवीची परीक्षा नुकतीच झाली होती. पहिले दोन दिवस आंबे खाण्यात आणि झोपण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्याने विचारले, "चाची, इधर देखने जैसा क्या है?"

आम्ही दोघेही शिक्षक. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुणे-सोलापूर हायवे आहे, एमआयडीसी आहे, ऊस आहे, उजनीचे पाणी आहे. एवढी चार नावे घेऊन आम्ही गप्प झालो. वर्षानुवर्षे वर्गात परिसर अभ्यास शिकवणाऱ्या माणसांना घरी आलेल्या पाहुण्याला आपला परिसर दाखवता येऊ नये, याची आम्हाला मनातून शरम वाटली.

त्या रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली होती. पुतण्याने दादीला हळूच दुसरा सवाल केला. शाळेत एका मुलाने त्याला विचारले होते, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" हा म्हणाला, पुण्याचे. "ते नाही, त्याच्या आधीचे?" यावर याच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून तो दादीला विचारत होता, "दादी, अपन असल में किधर के?"

दादी म्हणाली, "पळसदेव के."

त्याने लगेच मोबाईलवर नकाशा उघडला. हायवेच्या कडेला पळसदेव सापडले. दादीने चष्मा लावून पाहिले आणि मान हलवली. "ये नै बाबा. वो जुना पळसदेव." पोराने बोटाने नकाशा सरकवला, मोठा केला, पुन्हा सरकवला. पडद्यावर निळ्या रंगाशिवाय काहीच नव्हते.

"दादी, यहाँ तो सिर्फ पानी है."

"हौ," दादी म्हणाली, "उसी के नीचे."

या एका संवादातून पुढचा सगळा खेळ उभा राहिला. वाचकांना तो आपल्या गावातही खेळता येईल, म्हणून सविस्तर सांगत आहोत.

परदेशातला खेळ

पुतण्याचे मामू परदेशात नोकरीला आहेत. तिथल्या एका शहरात त्यांनी कुटुंबासह एक खेळ खेळला होता. त्याचे वर्णन पुतण्या मोठ्या उत्साहाने करत होता. खेळ असा. तुम्ही नवख्या शहरात जाता. गाईड घेत नाही. मोबाईलवर किंवा छापील पाकिटात एक गोष्ट मिळते. कोणाचे तरी पत्र चोरीला गेले आहे, किंवा कोणी तरी गायब झाले आहे, आणि शोध तुम्हालाच घ्यायचा आहे. पहिला सुगावा एखाद्या चौकात नेतो. तिथल्या पुतळ्याखालची पाटी वाचायची, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, घड्याळाच्या मनोऱ्यावरचे साल टिपायचे. उत्तर बरोबर आले की पुढचा सुगावा उघडतो. गुन्हा काल्पनिक असतो, पण शहर खरे असते. दोन-तीन तास चालून गुन्हेगार सापडतो, आणि तोवर अर्धे शहर पायाखालून गेलेले असते. घाई नाही, गर्दी नाही. दमलात तर बसा, चहा प्या, मग पुढे निघा.

ही कल्पना मोबाईलने जन्माला घातलेली नाही. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे ओसाड माळरान आहे. १८५४ साली तिथल्या जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने दूरच्या एका दलदलीच्या जागी बाटली ठेवली. जो तिथवर पोहोचेल त्याने आपली चिठ्ठी त्यात टाकावी, असा रिवाज पडला. पुढे अशा पेट्या माळभर लपवल्या गेल्या आणि त्या शोधत फिरणे हा छंद झाला. १९३६ साली डेनिस व्हीटली या लेखकाने एक अजब पुस्तक काढले. त्यात गोष्टीऐवजी पोलिसांची फाईल होती. जबान्या, तारा, फोटो, एवढेच काय, केसांची बट आणि काडीचा तुकडासुद्धा. उत्तर शेवटच्या मोहोरबंद पानात. वाचकानेच तपास करायचा. मग मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने उपग्रहावरून जागा शोधण्याच्या यंत्रणेवरची मुद्दाम ठेवलेली ढिलाई काढून टाकली आणि सामान्य माणसाला नेमकी जागा कळू लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आजचे शहरात फिरून तपास करायचे खेळ अशा तीन वाटांनी आले आहेत. एक वाट पेटी शोधण्याची, दुसरी फाईल वाचण्याची आणि तिसरी नकाशावर चालण्याची.

आणि जासुसी आपल्या घराला नवी थोडीच आहे? मरहूम अब्बांच्या ट्रंकेत अजून इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’चे जुने अंक आहेत. १९५२ साली अलाहाबादेहून ही मालिका सुरू झाली आणि उर्दू वाचणाऱ्या दोन-तीन पिढ्यांना फरीदी-हमीदच्या जोडीने वेड लावले. आमच्याकडे कागद पिवळा पडला, पण अंक टाकून द्यायची कोणाची हिंमत झाली नाही. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, आणि तो तर हडपसरजवळच्या फुरसुंगीचा, म्हणजे आमच्याच दिशेचा. तेव्हा खेळ परदेशी असला तरी शौक घरचाच.

ट्रंकेतला कागद

दुसऱ्या दिवशी इब्ने सफींचे अंक दाखवण्यासाठी ट्रंक उघडली. तळाला कागदांचे एक पुडके होते. त्यात ग्रामपंचायतीची घरपट्टीची एक पावती सापडली. १९७०च्या दशकातली, जुन्या पळसदेवातल्या घराची. त्यानंतर काही वर्षांत त्या घरावर पाणी आले. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यात इंदापूर, करमाळा, दौंड अशा तालुक्यांतली अनेक गावे गेली. आमचे पळसदेव उठून वर हायवेकडे आले, आणि आमचे कुटुंब पुढे लोणी देवकरला.

पावती पाहून आम्हा दोघांना एकाच वेळी सुचले. खेळ याच कागदाभोवती बांधायचा, आणि पुतण्याला आधी काही सांगायचे नाही.

पावतीची झेरॉक्स काढली. नावाच्या जागी कागदाचा तुकडा ठेवून ते झाकले. प्रकरणाला नाव दिले ‘पावती कोणाची?’ गोष्ट अशी रचली की पावतीचे खरे वारस शोधायचे आहेत आणि पाच जण हक्क सांगत आहेत. पाचही काल्पनिक. प्रत्येकाची एकेक जबानी लिहिली.

वकीलसाहेब म्हणतात, "ही घरपट्टी मी स्वतः इंदापूरच्या तहसील कचेरीत भरली होती."

मच्छीमार म्हणतो, "मी १९६५पासून उजनीच्या फुगवट्यात मासे धरतो. ते घर माझेच."

कापडवाले शेठ म्हणतात, "ज्ञानोबा माउलींची पालखी दरवर्षी इंदापूरला मुक्कामाला येते. तेव्हा वारकऱ्यांना मी त्याच घरात जेवू घालत असे."

इतिहासाचे जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ म्हणतात, "मालोजीराजांचे भाऊ शरीफजी. त्यांच्या वेळेपासून आमच्या घराण्याकडे ते घर आहे."

आणि पाचवी एक म्हातारी. ती म्हणते, "माझ्याजवळ कागद नाही. मला वाचताही येत नाही. पण पाणी उतरले की आधी देवळाचे शिखर दिसते. त्यावरून माझे घर मी आजही दाखवीन."

खेळणारे चौघे होते. पुतण्या, सहावीतली आमची मुलगी आणि शेजारची दोन भावंडे. शेजारच्या घरात वारी आहे. नियम तीनच ठेवले. मोबाईल फक्त नकाशासाठी वापरायचा. कोणतीही गोष्ट खरी मानण्याआधी एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार हवेत. आणि वहीत प्रत्येक माहितीपुढे लिहायचे, स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, की नुसता अंदाज.

वह्या वाटताना चौघांना विचारले, कोणावर संशय आहे? चौघांनीही एका सुरात म्हातारीचे नाव घेतले. "तिच्याकडे तर कागदच नाही!"

इंदापुरात तपास

सकाळी एसटीने इंदापूरला उतरलो. आम्ही मुलांच्या वीस पावले मागे राहायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असे ठरले होते. शिक्षकाला यापेक्षा अवघड काम नाही.

पहिला मुक्काम तहसील कचेरी. मुले आवारात गोंधळून उभी राहिली. मग आमच्या मुलीने धीर करून बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांना विचारले, "काका, घरपट्टी इथे भरतात का?" ते हसले. "नाही गं बाळ. घरपट्टी गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपरिषदेत. इथे काम जमिनीचे." मग त्यांनी सातबारा आणि आठ-अ यांतला फरकही समजावला. सातबारा म्हणजे एका गटाची जमीन कोणाची आणि तिच्यात पीक काय, आणि आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका कागदावर. पुतण्याने शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तेच पुन्हा विचारून घेतले. दोन साक्षीदार झाले. वकीलसाहेब बाद.

बाजारपेठेत पालखीचा प्रश्न निघाला. आमची दोन मुले अडली, पण शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "हे चुकीचे आहे. माउलींची पालखी सासवड, जेजुरी, फलटणवरून जाते. आपल्याकडे तुकाराम महाराजांची येते. बारामती करून, बेलवाडीला रिंगण, मग इंदापूर." एका दुकानदाराने दुजोरा दिला. पुतण्या आश्चर्याने ऐकत होता. पुण्यात दरवर्षी दोन्ही पालख्या त्याच्या कानांवर येतात, पण त्या पुढे वेगवेगळ्या वाटांनी जातात हे त्याला ठाऊक नव्हते. शेठजी बाद.

तिथून गढीकडे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या नावाची गढी शहरात आहे. चौथीच्या पुस्तकात भोसले घराण्याचा धडा आहे, त्याचे पान आम्ही पाकिटात ठेवले होते. मालोजींच्या भावाचे नाव विठोजी, हे मुलांनी त्यातून शोधले. मग शरीफजी कोण?

हा धागा त्यांना चाँदशावली बाबांच्या दर्ग्यात घेऊन गेला. सलाम करून मुले एका बुजुर्गांजवळ बसली. शेजारच्या बहिणीने विचारले, "बाबा, शरीफजी हे नाव कुठून आले?" त्यांनी सांगितले ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मालोजीराजांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पीरांच्या दर्ग्यात नवस झाला. पुढे दोन मुलगे झाले. पीरांच्या नावावरून एकाचे नाव शहाजी ठेवले आणि दुसऱ्याचे शरीफजी. हे शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत कामी आले. म्हणजे ते मालोजींचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे चुलते. जाणकार गृहस्थही बाद.

त्या वेळी पुतण्याचा चेहरा आम्ही पाहत होतो. महाराजांच्या वडिलांचे नाव त्याने हजारदा ऐकले असेल. त्या नावात एका पीराचे नाव आहे, हे त्याला पहिल्यांदा कळले. त्याने वहीत लिहिले, "ऐकले." आणि कंसात, "पुस्तकात पडताळायचे." आम्हाला त्या दुसऱ्या वाक्याचा जास्त आनंद झाला.

मग त्याने मालोजीराजे नेमके कधी वारले ते शोधले. एके ठिकाणी १६०६ सापडले, दुसरीकडे १६२०च्या आसपासचे साल. तो वैतागला. "चाचा, इसमें सही कौनसा?" आम्ही म्हणालो, अभ्यासकांमध्येच यावर मतभेद आहेत. हे प्रकरण अजून उघडे आहे, तू मोठा होऊन बंद कर.

रावी कोण?

घरी येताना एसटीत मुलांचा वाद चालला होता. शेजारचा मुलगा म्हणत होता, मच्छीमारही खोटा, कारण १९६५ साली धरणच नव्हते तर फुगवटा कुठला? हे त्याने बसल्या जागी, नुसत्या सालांवरून ओळखले. आता उरली म्हातारी. पण चौघांनाही चैन पडेना. बाकीचे खोटे ठरले म्हणून ती आपोआप खरी कशी?

हा प्रश्न ऐकून आम्हाला फार बरे वाटले. आपल्या परंपरेत हदीस स्वीकारताना पहिला सवाल असतो, रावी कोण? ज्याने सांगितले त्याने कोणाकडून ऐकले, आणि त्याने कोणाकडून? साखळीतली एक कडी कच्ची असली तर रिवायत जईफ. एवढी कडक तहकीक शिकवणाऱ्या घरांत आज मोबाईलवर आलेला कोणताही मजकूर आपण एका अंगठ्याने पुढे ढकलतो. दुसऱ्यांच्या घरांतही हेच चालते, आणि त्यातून कोणाची दुकाने बंद पडतात, कोणाचा शेजार तुटतो, हे आपण पाहतोच. मुलांना आम्ही वर्गात दहा वेळा सांगितले असते की अफवांवर विश्वास ठेवू नका, तरी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिले असते. त्या दिवशी मात्र कोणीही न सांगता चार मुले एका म्हातारीवर ठेवलेला आपलाच संशय पुन्हा तपासत होती.

पाण्याच्या काठावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी पळसदेवला गेलो. दादी बरोबर होती. मुलांना वाटले, तिला नुसती हवा खायला आणले आहे.

उजनीत भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असते. त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचा. पाणी त्या रेषेखाली गेले की धरण ‘उणे’ झाले असे म्हणतात. २०२४च्या मे महिन्यात ते खोल उण्यात गेले होते. पळसनाथाचे दगडी मंदिर, जे एरवी पाण्यात असते, ते उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळातून लोक चालत बघायला येत होते.

मुलांनी देऊळ पाहिले. आजूबाजूला जुन्या घरांच्या जोत्यांचे दगड दिसत होते, पण कोणते कोणाचे हे कसे ओळखायचे? पाचव्या पाकिटात एकच ओळ होती. "म्हातारीने सांगितले तसे करून पाहा. पण आधी शिखरावरून घर ओळखणारा माणूस शोधा."

चौघेही इकडे तिकडे पाहू लागले. मग आमची मुलगी हळूच म्हणाली, "दादीला विचारायचे का?"

दादी काठी टेकत पुढे आली. क्षणभर शिखराकडे पाहिले. मग देवळाकडे पाठ करून उभी राहिली आणि काठीने दाखवू लागली. इथून बाजाराची वाट. इथे चिंच. या अंगाला आपली मशीद. त्याच्या अलीकडे सुताराचे घर, मग गुरवाचे, आणि मग आपले. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला नाही. ती बाजारहाट सांगावी तसे सांगत होती. आमच्याच डोळ्यांना पाणी आले. मुसलमानाच्या घरची म्हातारी आपले हरवलेले घर देवळाच्या शिखरावरून शोधते, यात तिला काहीच नवल वाटत नव्हते. गावात दुसरी उंच खूण होतीच कुठे?

तेव्हा आम्ही पिशवीतून मूळ पावती काढून पुतण्याच्या हातात दिली. त्याने नाव वाचले. ते त्याच्या पणजोबांचे नाव होते. आडनाव त्याचेच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग दादीजवळ जाऊन म्हणाला, "दादी, वो बुढ्ढी तुम थी?"

दादीला कोण म्हातारी, कसला खेळ, काहीच माहीत नव्हते. ती म्हणाली, "धूप हो रही, चलो घर को."

असा खेळ आपल्या गावात कसा बांधाल?

यासाठी पैसे लागत नाहीत. आमचा खर्च झेरॉक्स, पाकिटे आणि एसटीचे तिकीट एवढाच झाला. मात्र काही गोष्टी चुका करून शिकलो, त्या सांगतो.

पाच ते सात ठिकाणे पुरे. चालत जाण्याजोगी असावीत आणि मध्ये पाणी पिण्याची, बसण्याची सोय असावी. एखादे सरकारी कार्यालय जरूर घ्या. मुलांना तिथे जाऊन बोलण्याची सवय लागते.

सुगावा न बदलणाऱ्या वस्तूवर ठेवा. आम्ही सुरुवातीला एका दुकानाच्या पाटीवर सुगावा बेतला होता. खेळाच्या दोन दिवस आधी सहज पाहायला गेलो तर पाटीच नवी. दगड, कमान, कोरलेले साल, झाड, नदीचे वळण यांवर भरवसा ठेवा.

निम्मे सुगावे वाचून सुटणारे आणि निम्मे माणसाला विचारून सुटणारे असावेत. सगळीच उत्तरे मोबाईलवर मिळाली तर मुले मान वर करणार नाहीत.

दोन सीलबंद पाकिटे बरोबर द्या. एकात मदतीचा इशारा आणि दुसऱ्यात उत्तर. अडकलेले मूल रडकुंडीला आले तर खेळाची मजा जाते.

गुन्हा हलका ठेवा आणि पात्रे काल्पनिक. खऱ्या माणसाला, खऱ्या दुकानाला, कोणत्याही जमातीला आरोपी करू नका. खेळात केलेला आरोपही मनात घर करतो.

प्रार्थनास्थळी परवानगीने जा. चपला, डोके झाकणे, नमाजची किंवा आरतीची वेळ, बायकांची जागा, हे आधी विचारून घ्या. भिंतीवर खुणा करू नका, चिठ्ठ्या खोचू नका.

आणि शेवटी, खेळ आधी बाहेरगावच्या एखाद्या माणसाकडून खेळवून पाहा. गावातल्या माणसाला सगळेच सोपे वाटते.

विषयांना तोटा नाही. बारामतीकरांकडे कवी मोरोपंत आहेत. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. त्यांनी एकशे आठ रामायणे लिहिली. त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात नाहीत. मुलांना सांगा, चोराची चिठ्ठी अशीच आहे, ओठ न मिटता वाचून दाखवा आणि उलट उत्तरही तसेच लिहा. बघा कशी धांदल उडते. पुणेकरांना तर पेठांची जुनी नावे पुरतील. शनिवार पेठ पूर्वी मुर्तझाबाद, बुधवार पेठ मोहियाबाद, रविवार पेठ मलकापूर. जुन्या नावाचा पत्ता लिहिलेले एक पाकीट हातात द्या आणि म्हणा, पोहोचवा. शेवटचा मुक्काम शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात करा. कोथरूडला असलेला मस्तानी महाल तिथे कसा आला, हा प्रश्न स्वतःच एक जासुसी कथा आहे.

पुतण्याचा फोन

जून महिन्यात शाळा सुरू झाली. पुतण्याचा फोन आला. मुर्तझाबादचे पाकीट त्याने तयार केले होते आणि वर्गातल्या पाच मित्रांना रविवारी घेऊन जाणार होता. ज्या मुलाने तो सवाल केला होता, तोही त्या पाचांत होता. "उसको जवाब दिया क्या?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "दिया. बोला, पळसदेव. फिर उसको पूछा, तुम किधर के? उसको भी मालूम नहीं था. दादी को पूछके आता बोला."

मग त्याने पावतीची एक झेरॉक्स मागितली. या वेळी नाव न झाकता.

ईदला, सुट्टीला आपल्याकडेही पाहुणे येतील आणि मुले विचारतील, इथे पाहण्यासारखे काय आहे? उत्तर लगेच देऊ नका. घरातली ट्रंक उघडा, जुना एखादा कागद काढा आणि थोडा वेळ दादी-नानीजवळ बसा. पहिला सुगावा बहुधा तिथेच सापडेल. आणि हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. उजनीचे पाणी उतरले की घराचे जोते पुन्हा दिसते, पण ते कोणाचे हे सांगणारी माणसे दर उन्हाळ्यात कमी होत आहेत.